थवा जमिनीवर उतरतो तेव्हा

भाईंदरहून उत्तनच्या वाटेला लागले की डोंगरी गाव येते. पूर्वेला खारफुटी आणि मिठागरे, पश्चिमेला उत्तनचा समुद्र. दिवेलागणीच्या सुमारास इथे कोणी टेकाडावर उभा राहिला, तर बगळ्यांच्या रांगा झाडांकडे परतताना दिसतात. रांग कशी आखल्यासारखी असते! पण झाड जवळ आले की काय होते, ते कधी नीट पाहिले आहे का? रांग मोडते. एक बगळा डावीकडे वळतो, दुसरा थोडा वर चढतो, तिसरा एक घिरटी घालतो, आणि मग एकेक जण आपापली फांदी धरतो. रांगेने येतात, पण रांगेने बसत नाहीत. उत्तनच्या कोळी बांधवांना यात नवल वाटणार नाही. दर्यावर होड्या जोडीने असल्या, तरी चिंचोळ्या वाटेने आत शिरताना एकीमागून एकच शिरते.

आज आपल्याला बोलायचे आहे ते विमानांच्या थव्याविषयी. दोन, चार, आठ लहान विमाने एकमेकांच्या पंखाला पंख लावल्यासारखी उडतात, त्याला वैमानिक फॉर्मेशन म्हणतात. आपण थवाच म्हणू. आकाशातला थवा पाहून आपण टाळ्या वाजवतो. पण वैमानिकाला विचाराल, तर तो उतरण्याबद्दल बोलेल. आभाळ मोठे असते, धावपट्टी मात्र एकच असते, आणि सगळ्यांना तिच्यावरच यायचे असते. या एका अडचणीतून माणसे कशी कशी शिकत गेली आणि त्यासाठी त्यांनी काय किंमत मोजली, तो इतिहास शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही.

डोंगरीपासून दक्षिणेला सरळ रेषेत वीसएक किलोमीटरवर जुहूचा विमानतळ आहे. १९२८ साली तो सुरू झाला, आणि भारतातला पहिला नागरी विमानतळ म्हणून त्याचे नाव घेतले जाते. विमानतळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डांबरी पट्टी, दिवे, मनोरा असे काही येते. त्या काळचे जुहू तसे नव्हते. ते होते समुद्राकाठचे सपाट मैदान. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादला थांबून, पस मॉथ नावाच्या छोट्या विमानाने इथेच उतरले. अहमदाबादला त्यांचे पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीवरून आले होते. जुहूहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी दुसऱ्या पस मॉथमधून नेले. पावसाळ्यात जुहूच्या मैदानावर पाणी साचे, म्हणून टपालाचे विमान पुण्याला हलवावे लागे. भातखाचरात पाणी कसे उभे राहते हे आपल्याला ठाऊक आहे; तशा जागी चाक टेकवायचे म्हणजे काय, याची कल्पना वेगळी सांगायला नको.

पण मैदानाचा एक मोठा गुण होता. ते चारी बाजूंनी रुंद असे. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करावे आणि उतरावे. तीन विमाने शेजारी शेजारी उतरली, तरी कोणाचा पंख कोणाला लागत नसे. त्या काळी लढाऊ विमानांच्या तुकड्या गवती मैदानांवर थव्यानेच उतरत, त्या यामुळेच. इंग्लंडात हेंडन येथे हवाई कसरतींचा मेळावा भरे. तिथे १९३०च्या सुमारास वैमानिकांनी आपली विमाने एकमेकांना दोऱ्यांनी बांधली, तशीच उडवली, कसरती केल्या, आणि दोऱ्या न तोडता पुन्हा खाली आणली. लोक खूश झाले असतील, यात शंका नाही. मला मात्र तो प्रकार कसबाचा वाटतो तितकाच उगाचचा वाटतो.

पुढे विमाने जड झाली, वेगवान झाली. गवतावर त्यांची चाके रुतू लागली, म्हणून पक्क्या धावपट्ट्या आल्या. धावपट्टी म्हणजे मैदानातून कापून काढलेली एक चिंचोळी गल्ली. विमान सुधारले, जमीन पक्की झाली, आणि थव्याची वाट मात्र अरुंद झाली. जिथे तिघे शेजारी उतरत, तिथे आता एकामागे एक यावे लागले. मागच्याने पुढच्यावर जाऊन आदळू नये, हा प्रश्न तेव्हापासून खरा कठीण झाला.

यावर एक युक्ती निघाली आणि ती दुसऱ्या महायुद्धात चांगली मुरली. थवा धावपट्टीच्या डोक्यावरून, तिच्याच दिशेने, बऱ्यापैकी वेगात येतो. पट्टीवर आला की म्होरक्या एकदम कडेला झुकून वळतो. काही सेकंद मोजून दुसरा वळतो, मग तिसरा, मग चौथा. प्रत्येक जण तेच वळण घेतो, पण थोडा उशिरा. त्यामुळे त्यांच्यामधले अंतर आपोआप पडते. कडक वळणात वेगही उतरतो, हा दुहेरी फायदा. शिवाय युद्धात आणखी एक कारण होते. उतरायला आलेले विमान मंद आणि जमिनीलगत असते, शत्रूला ते आयते सावज. तेव्हा तो मंदपणाचा वेळ जितका आखूड, तितके बरे. स्पिटफायर विमानाचे नाक तर इतके लांब होते, की सरळ येताना वैमानिकाला पुढची धावपट्टीच दिसत नसे. त्याला वळणावळणानेच उतरावे लागे, म्हणजे नाकाच्या बाजूने पट्टी डोळ्यांखाली राही.

थवा वेळेवर मोडायचा, ही झाली या विद्येची पहिली पायरी. पण हवा स्वच्छ असेल तरच ही युक्ती चालते. आपल्याकडच्या पावसाळ्याने ते एकदा फार कठोरपणे दाखवून दिले.

१० ऑगस्ट १९४४. ब्रिटिश हवाई दलाच्या ६१५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सोळा स्पिटफायर विमाने मणिपुरातल्या पालेल येथून कलकत्त्याजवळच्या बैगाछीकडे निघाली. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेले कसलेले वैमानिक. वाटेत मोसमी ढगांची भिंत उभी राहिली. त्या ढगांत शिरल्यावर शेजारचे विमान दिसेना, वर कोणते आणि खाली कोणते ते कळेना, आतल्या वाऱ्याने विमाने पाचोळ्यासारखी भिरकावली. सोळांपैकी आठ विमाने गेली. चार वैमानिक मरण पावले. त्यांत स्क्वाड्रनचे प्रमुखही होते. शत्रूची एकही गोळी सुटली नव्हती. आपण ज्या पावसाची वाट पाहतो, ज्याच्यावर आपली शेती चालते, त्याच पावसाने एका दुपारी अर्धे स्क्वाड्रन नाहीसे केले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. एकटे विमान वादळापुढून मागे फिरू शकते, खाली येऊ शकते, कडेने जाऊ शकते. थव्याला ते इतके सोपे नसते. प्रत्येकाला वळायचे तर शेजाऱ्याला सांभाळून वळायचे असते. म्हणून थव्याने निर्णय लवकर घ्यावा लागतो. एकट्याला जो उशीर परवडतो, तो आठ जणांना परवडत नाही.

दुसरी गोष्ट इंग्लंडातली आहे, पण ती मला डोंगरीला उभे राहून सांगावीशी वाटते. ८ फेब्रुवारी १९५६ रोजी वेस्ट रेनम या तळावरून आठ हंटर विमाने सरावाला उडाली. हंटर हे एकाच माणसाचे जेट लढाऊ विमान. आपल्याकडेही ते १९५७ पासून आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी बेळगावजवळच्या सांबरा तळावरून उडून हंटर विमानांनीच बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला होता. देखणे आणि चपळ विमान, पण त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत इंधन फार थोडे मावे. त्या दिवशी आठ जण वर असताना खालची हवा बिघडली. वेस्ट रेनमला उतरता येईना. त्यांना मारम नावाच्या दुसऱ्या तळाकडे जायला सांगितले. हा तळ किती दूर? डोंगरीहून जुहू जितके दूर, साधारण तितकाच. जेट विमानाला दोन-तीन मिनिटांची वाट! पण तिथेही ढग खाली आले. डोळ्यांनी धावपट्टी पाहून एकामागून एक उतरायचे, असा बेत होता. धावपट्टीच दिसेनाशी झाली. मग एकेकाला रडारच्या मदतीने उतरवायचे म्हणजे वेळ लागणार, आणि टाक्या तर तळाला गेलेल्या. आठांपैकी दोन विमाने सुखरूप उतरली. सहा नष्ट झाली. एका वैमानिकाने प्राण गमावले. बाकीचे वाचले, हे त्यातल्या त्यात नशीब.

यात विमाने बिघडली नव्हती आणि वैमानिक नवशिके नव्हते. चुकले ते गणित. शिक्षक मित्रांनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे, मुलांना ते आवडेल. आठ विमाने आहेत, दोन विमानांमध्ये तीस सेकंदांचे अंतर ठेवायचे आहे. पहिल्याने चाक टेकल्यावर आठव्याचे चाक किती वेळाने टेकेल? मुले घाईने सांगतील, चार मिनिटे. आठ विमानांत अंतरे सातच; म्हणजे दोनशे दहा सेकंद, साडेतीन मिनिटे. आता समजा, तिसऱ्या विमानाचे टायर फुटले आणि ते पट्टीच्या मध्येच अडकले. मग चौथ्यापासून आठव्यापर्यंत पाच जणांनी जायचे कुठे? त्यांच्याकडे त्या साडेतीन मिनिटांपुरतेच इंधन असेल, तर गणित तिथेच संपते.

आणखी एक खोच आहे. थव्यात सर्वांत कमी इंधन म्होरक्याचे जळते. तो आपला एका चालीने उडत असतो. त्याच्या बाजूचे आणि मागचे जोडीदार मात्र आपली जागा टिकवण्यासाठी सारखे वेग वाढव, कमी कर, पुन्हा वाढव असे करत असतात. वरातीत पुढचा घोडा संथ चालतो आणि मागच्यांची धावपळ होते, तसेच काहीसे. म्हणून म्होरक्याने स्वतःच्या काट्याकडे पाहून परतीची वेळ ठरवली, तर शेवटचा अडचणीत येतो. आज शिकवण असते ती अशी, की ज्याचे इंधन सगळ्यांत कमी, त्याच्या काट्यावर थव्याने परतायचे. शेवटचा माणूस उतरून, वर थोडी शिल्लक राहील, असा हिशेब पाहिजे. पंगतीत शेवटच्या पानापर्यंत भात पुरेल की नाही, हे वाढपी पहिल्या पानावरच ठरवतो ना, तसे.

आता प्रत्यक्ष धावपट्टीवर काय चालते ते पाहू. तुम्ही होडीत बसून वल्हे मारले असेल. वल्हे उचलल्यावर पाण्यात त्याच्यामागे भोवरा फिरत राहतो. विमानाच्या दोन्ही पंखांच्या टोकांमागे हवेत तसेच भोवरे सुटतात. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. खालची हवा टोकाला वळसा घालून वर येऊ पाहते, त्यातून हे भोवरे निर्माण होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. विमान निघून गेले तरी ते मागे राहतात आणि हळूहळू खाली बसतात. मागचे विमान त्यात सापडले तर एका अंगाला कलंडू शकते, आणि जमीन दहा-पंधरा मीटरवर असताना कलंडले तर सावरायला जागाच नसते. म्हणून मागच्याने पुढच्याच्या वाटेखाली जाऊ नये, थोडे वरूनच यावे आणि त्याने चाक टेकले त्याच्या पुढे आपले चाक टेकावे, असा संकेत आहे. विमान जितके जड तितका भोवरा मोठा. पण मागचे विमान हलके असेल तर हलक्या विमानाचा भोवराही पुरे होतो. आपल्याला वाटेल, वारा पडलेली शांत संध्याकाळ उतरायला सर्वांत चांगली. भोवऱ्यांच्या बाबतीत ती फसवी असते, कारण त्यांना मोडून टाकायला वाराच नसतो.

धावपट्टी पुरेशी रुंद असेल तर तिचे मनातल्या मनात दोन भाग करतात. पहिला एका बाजूला उतरतो, दुसरा दुसऱ्या बाजूला, तिसरा पुन्हा पहिल्या बाजूला. मागच्याचे ब्रेक लागले नाहीत, तर तो पुढच्याला न धडकता शेजारून निघून जाऊ शकतो. आणि पुढच्याने उतरल्यावर मध्येच थबकायचे नाही, शेवटपर्यंत जात राहायचे. बैलगाड्यांच्या रांगेत पहिला गाडीवान घाटाच्या तोंडाशी विडी पेटवायला थांबला, तर मागे काय होते, हे ठाऊक असणाऱ्याला हा नियम समजावून द्यावा लागत नाही.

नागरी विमानांसाठी तर आंतरराष्ट्रीय नियमच आहे, की वैमानिकांनी आधी आपसात ठरवल्याशिवाय थव्याने उडूच नये. आभाळात दोन ओळखीची विमाने भेटली आणि गंमत म्हणून शेजारी आली, असे चालत नाही. कोण म्होरक्या, कोण मागे, कधी एकत्र यायचे, कधी सुटायचे, हे जमिनीवरच बोलून ठरले पाहिजे. खालच्या नियंत्रकाच्या दृष्टीने सारा थवा मिळून एकच विमान मानला जातो. पण थवा सुटू लागला की एकमेकांपासून दूर राहण्याची जबाबदारी त्या वैमानिकांचीच असते.

म्होरक्या हा शब्द मी मघापासून वापरतो आहे. त्याच्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण थव्यात बाकीच्यांची नजर वाटेवर नसते, त्याच्यावर असते. जोडीदाराने जमिनीकडे पाहायचे म्हटले तर शेजारच्या विमानावरची नजर हलते. म्हणजे डोळे आठ जोड्या, पण वाट पाहणारी जोडी खरोखर एकच. ती चुकली तर?

याचे उत्तर समुद्रावरच्या एका घटनेत आहे. ८ सप्टेंबर १९२३ च्या रात्री अमेरिकेच्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ धुक्यात विनाशिकांची रांग चालली होती. पुढच्या जहाजाने आपली जागा चुकीची मोजली आणि वेळेआधी किनाऱ्याकडे वळण घेतले. मागची जहाजे पाठोपाठ वळली. होंडा पॉइंटच्या खडकांवर एकामागून एक अशी सात जहाजे चढली. तेवीस खलाशी दगावले. आकाशात तसेच १८ जानेवारी १९८२ रोजी नेव्हाडात घडले. अमेरिकी हवाई दलाच्या कसरती पथकाची चार विमाने सराव करत होती. म्होरक्याचे विमान वेळेवर वर उचलले गेले नाही, आणि त्याच्यावर नजर लावून असलेले तिघेही त्याच्याबरोबर जमिनीवर आले. चारही वैमानिक गेले.

आणि एकट्या विमानाची वाटही कशी चुकते, ते तर आपल्या शेजारीच घडले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईची मोठी विमाने सांताक्रूझला उतरू लागली, आणि जुहू लहान विमानांकडे राहिले. दोन्ही तळ हाकेच्या अंतरावर, मुख्य धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी कंपनीचे कॉमेट हे मोठे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले. थांबले, कोणाला इजा झाली नाही. पुढे ते हलके करून तिथून उडवून नेले. एकदा झाले, आता कोणी चुकणार नाही असे वाटले असेल. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ पुन्हा तसेच जुहूवर उतरले, पट्टी संपली तरी थांबेना, आणि पुढे जाऊन मोडले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. आता कल्पना करा, की या विमानांमागे पंखाला पंख लावून आणखी तीन विमाने असती. तिघांनीही जुहूलाच सांताक्रूझ मानले असते, आणि पुढच्याला थांबायला पट्टी पुरली नसती तेव्हा मागचे तिघे हवेत चाके खाली सोडून त्याच्याच दिशेने येत असते.

म्हणूनच उतरण्याआधी थवा मोडतात, तेव्हा फक्त अंतर वाढत नाही. प्रत्येकाची नजर त्याची त्याला परत मिळते. म्होरक्याची चूक दुसऱ्याला दिसू शकते, तो बिनतारीवर ओरडून सांगू शकतो, नाहीतर स्वतः तरी पुन्हा वर चढू शकतो. मला तर वाटते, अंतरापेक्षा हा फायदा मोठा आहे.

तरीही दोन विमानांनी जोडीने खाली यायचे एक कारण उरते. ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. समजा, एखाद्या विमानाचे वेग दाखवणारे यंत्र बंद पडले, किंवा ढगातून वाट काढायची साधने गेली, किंवा बिनतारी मुकी झाली. वैमानिक धडधाकट आहे, इंजिन चालू आहे, पण आपण किती वेगाने जात आहोत आणि ढगाखाली जमीन कुठे आहे, हे त्याला कळत नाही. अशा वेळी दुसरे विमान त्याच्याजवळ पाठवतात. तो येऊन शेजारी उडतो, हाताने खूण करतो. मग दुखावलेल्याने बाकी सगळे सोडून फक्त त्याच्या पंखाकडे पाहायचे. शेजारी योग्य वेग धरतो, म्हणजे याचाही वेग योग्य होतो. शेजारी हळूहळू खाली येतो, हाही येतो. वळणे संथ, वेगात हिसका नाही, कारण मागून येणारा आंधळ्यासारखा हात धरून आहे. दोघे ढगातून बाहेर पडतात आणि समोर धावपट्टी दिसते. दुखावलेला नजर सोडवून घेतो, पट्टीकडे पाहतो आणि उतरतो. शेजारी उतरत नाही. तो इंजिनाचा जोर वाढवून पट्टीवरून तसाच पुढे निघून जातो, वर चढतो, एक मोठी फेरी घालतो, आणि खालची पट्टी मोकळी झाली असे कळले की मग एकटा उतरतो.